पुढचे दोन दात

मीनाबाईला गाण्याबजावण्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. राजारामपुरीतल्या मुलींच्या एका शाळेत ती शिपाई होती. सकाळी उचगावातून बसनं यायचं, वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, घंटा द्यायची आणि संध्याकाळी कुलपं घालून परत जायचं. घंटा मात्र ती अशी ठणठणीत द्यायची, की दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानदारानं घड्याळ लावून घ्यावं. आवाज म्हणजे असा असावा, असं तिचं मत होतं. कामाचा तो आवाज, बाकी सगळा कालवा.

आणि नशिबानं नवरा मिळाला तो बँडवाला.

स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यानं "पोरगा बँडात हाय" एवढंच सांगितलं होतं. मीनाबाईच्या वडलांना वाटलं, पोलिसांच्या बँडात असणार. सरकारी नोकरी, वर पेन्शन. लग्नानंतर आठ दिवसांनी तिचा नवरा गणपती लाल कोट घालून, खांद्यावर पिवळ्या झालरी लावून घराबाहेर पडला तेव्हा खरा प्रकार कळला. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. दारूला शिवत नव्हता, हात उगारत नव्हता. लग्नसराईत जे मिळेल ते तिच्या हातात आणून द्यायचा. वाईट होतं ते त्याचं क्लारनेट.

सीझनमध्ये ते बाहेर वाजायचं. सीझन सरला की घरात. ऊन कलायला लागलं की गणपती भिंतीला टेकून बसायचा, वेताची पातळ पत्ती जिभेवर ओली करून त्या काळ्या नळीच्या तोंडाला बांधायचा आणि सुरू करायचा. वरातीतली नाचायची गाणी नव्हेत, एक संथ, लांबलचक काहीतरी. मिरजेच्या एका मास्तरांकडं तो पोरवयात सात वर्षं जाऊन-येऊन शिकला होता. त्यांनी दिलेली चीज होती ती.

"हे काय वो, कोण मेल्यागत?" मीनाबाई विचारायची.

"भीमपलास हाय ह्यो. राग हाय," गणपती सांगायचा. "नावातच भीम हाय बग."

पहिली काही वर्षं ती यावर हसली. मग हसणंही आटलं. घरात पोर रडतंय, स्टोव्हला वात नाही, आणि हा माणूस डोळे मिटून बसलाय. सुरुवातीचा एवढासा तुकडा वाजला की ती भांडी आपटायची. "बास करा आता, डोस्कं उठलं." गणपती लगेच थांबायचा. नळी फडक्यानं पुसायचा, पेटीत ठेवायचा. रुसायचा नाही. त्यामुळं तिलाही कधी आपण काही थांबवतोय असं वाटलं नाही.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात शाळेच्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. शाळेतल्या बायांबरोबर मीनाबाईही गेली. पोपटी साडी, केसात अबोलीचा गजरा. मांडवाच्या दारात सगळ्या उभ्या होत्या, तेवढ्यात वरात आली. वरातीपुढं लाल कोटांची रांग होती आणि रांगेच्या मध्यभागी गणपती होता. डोक्यावर तुऱ्याची टोपी, पायात रबरी चपला.

नवऱ्याकडचा एक माणूस चांगलाच प्यालेला होता. त्यानं दहाची नोट काढली, तिला थुंकी लावली आणि गणपतीच्या कपाळावर थापली. "ए बँडवाल्या! नाग काढ, नाग!"

गणपती गुडघ्यात वाकला आणि पुंगीसारखं वाजवायला लागला. प्यालेला माणूस रस्त्यावर आडवा पडून वळवळायला लागला. लोक खिदळत होते. उन्हानं गणपतीच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि ती नोट घसरत घसरत त्याच्या डोळ्यावर आली. दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले. काढणार कशानं? एका डोळ्यानं बघत तो वाजवत राहिला.

"मीनाबाई, तुमचे मिस्टरही बँडमध्येच आहेत ना?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "यांच्यातच की काय?"

"न्हाय बाई," मीनाबाई म्हणाली. "ते दुसऱ्या पार्टीत हायत."

बोलून तिनं समोर बघितलं. गणपती चार हातांच्या अंतरावर होता आणि त्याचा तो एक उघडा डोळा तिच्याकडं होता.

त्या दिवशी ती जेवण न करताच घरी आली. गणपती संध्याकाळी आला, कोट खुंटीला लावला, पाय धुतले. ती वाटच बघत होती.

"तुमच्या बानं छप्पन्न साली हलगी पंचगंगेत सोडली," ती म्हणाली. "गावाम्होरं वाजवायचं न्हाय, मेलेली ढोरं वडायची न्हाईत, म्हणून सोडली. बाबासायबांचं ऐकून सोडली. आणि तुमी? कपाळाला थुकी लावून घेतासा?"

गणपतीनं टॉवेलानं पाय पुसले. मग म्हणाला, "ती हलगी गावानं बाच्या गळ्यात घातलीती. ह्ये मी शिकून घेतलंय. सात वर्सं मास्तरांची धुणी धुऊन शिकलोय. दोनीत फरक हाय, मीने."

"बगणाऱ्याला कुठं दिसतोय फरक?"

तिनं पुढचं सांगून टाकलं, "पोटासाठी वाजिवता ते वाजवा. पर ह्या घरात आजपासनं त्याचा आवाज नगं. पोरगं मोठं हुयाला लागलंय. साळंत त्याला पोरं पीं पीं करून चिडिवत्यात, म्हाईत हाय?"

तेही खोटं नव्हतं. संघर्ष, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा सातवीत होता आणि बाप बँडात आहे हे तो कुणाला सांगत नसे.

दुसऱ्या दिवसापासून गणपती ऊन कललं की पेटी काखेत मारून रुळापलीकडं जायला लागला. घरामागं रेल्वेचा रूळ होता, त्यापलीकडं उसाची रानं आणि एक पडकी विहीर. तिथं बसून वाजवायचा. वारा इकडचा असला की पहिले सूर घरापर्यंत यायचे. मीनाबाई उठून मागचं दार लावून घ्यायची.

चार-पाच वर्षांत बँडाचे दिवस तसेही भरत आले. वरातीत डॉल्बी शिरला. एका ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर रचले की वीस माणसांच्या पार्टीचं कामच राहिलं नाही. सत्त्याण्णव साली मीनाबाईनं शाळेच्या एका संचालकांना गाठून गणपतीला खताच्या गोडाऊनवर वॉचमन म्हणून चिकटवलं. खाकी कपडे, महिन्याच्या महिन्याला पगार. गणपतीनं लाल कोट पार्टीला परत केला. वाद्य त्याचं स्वतःचं होतं, ते माळ्यावर गेलं. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, तो ते खाली काढून पुढं चालायचा, त्याला मीनाबाईची ना नव्हती. पण नव्व्याण्णव साली तरुण मंडळानं जयंतीलाही डॉल्बीच लावला. मंडळात संघर्ष होता. "आबा, आता तुमचं ऐकू जाणार तरी कुणाला?" तो म्हणाला. खरंच जाणार नव्हतं. गणपतीनं पेटी परत वर ठेवली.

दातांचं झालं ते दोन हजार एक साली. गणपतीच्या हिरड्या सुजायच्या, गाल टम्म व्हायचा, आणि दर पंधरा दिवसांनी खाडे. मीनाबाईच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, खालचे ठीक आहेत, वरचे सगळे हलतायत. पुढचे दोन त्यातल्या त्यात बरे आहेत, पण ते ठेवले तर कवळी नीट बसणार नाही.

"पुढचे दोन ऱ्हाऊंद्यात, डॉक्टर," गणपती म्हणाला.

"कशाला?" मीनाबाईनं मध्येच तोंड घातलं. "दोन दातांनी काय खायचंय? काढून टाका सगळं एकदाचं. रोजची कटकट."

गणपतीनं तिच्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं बघून तोंड उघडलं.

त्याच्या पुढच्या वर्षी, जूनमध्ये, शाळेच्या मोठ्या बाईंनी मीनाबाईला बोलावून सांगितलं, की कोपऱ्यातली खोली गाण्याच्या क्लासला दिली आहे. दुपारी चार ते सात. खोली बंद करून मगच घरी जायचं, त्याचे वेगळे पैसे मिळतील. अनुजा मॅडम नावाच्या पंचेचाळिशीच्या एक बाई शिकवायला येऊ लागल्या. बारकुळ्या, डोळ्यांना जाड चष्मा, खांद्यावर तंबोरा. तानपुरा असं त्या म्हणायच्या, मीनाबाईनं त्याला भोपळाच म्हटलं.

पहिले काही महिने तिनं बाहेर स्टुलावर बसून नुसत्या शिव्या घातल्या. दहा-पंधरा पोरी एकाच अक्षरावर घसा घासत बसायच्या. एक ओळ, तीच ओळ, परत तीच. तिला उठून जाता येत नव्हतं आणि दार लावून घेता येत नव्हतं. दार लावायचं तर सात वाजता, सगळं संपल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा ती आवाजापुढं अशी बांधली गेली होती.

कसं झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. कारल्याचं जसं होतं तसंच काहीसं. लहानपणी थुंकून टाकलेलं, आणि चाळिशीत एक दिवस आपणच दुसऱ्यांदा वाढून घेतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकदा ती व्हरांडा झाडत होती, आत एक मुलगी गात होती, आणि मीनाबाईचा खराटा थांबला. मान नकारार्थी हलली. अनुजा मॅडमना ते दारातून दिसलं.

"काय झालं, मीनाबाई?"

"काय न्हाय बाई. ती पोरगी चुकली न्हवं का."

"कुठं चुकली?"

"ते काय मला सांगाय येतंय? जिन्याची पायरी हुकल्यागत झालं."

अनुजा मॅडम हसल्या नाहीत. "सूर चढला होता तिचा," त्या म्हणाल्या. "पंधरा जणींत कुणालाच कळलं नाही ते." त्या दिवसापासून मीनाबाईचं स्टूल दाराबाहेरून दाराच्या आत आलं.

आणि मग दोन हजार चारचा जानेवारी. पोरी अजून यायच्या होत्या. मॅडम एकट्याच तंबोरा घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून हळू गात होत्या. मीनाबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. हे तिला माहीत होतं. कुठून, ते आठवत नव्हतं, पण माहीत होतं. पुढचा सूर येण्याआधीच तिला तो कळत होता. तिच्या डोळ्यांसमोर उगीचच स्टोव्ह आला, ओल्या लंगोट्यांची दोरी आली, भिंतीवर कललेलं ऊन आलं.

"बाई, हे काय म्हणलासा?"

"भीमपलास."

मीनाबाईनं कळशी खाली ठेवली आणि त्या उंबऱ्यातच बसली. सोळा वर्षं. सोळा वर्षं हे आपल्या घरात, आपल्या भिंतीला टेकून वाजत होतं, आणि आपण भांडी आपटत होतो.

त्या दिवशी तिनं मॅडमच्याच हातात किल्ल्या दिल्या. घरी आली तर गणपतीची सुटी होती. पटक्याचं मुंडासं सोडून तो कॉटवर बसला होता, कवळी वाटीतल्या पाण्यात.

"अवो, ते वाजवा की."

"काय?"

"भीमपलास. मास्तरांनी दिलेला."

गणपती तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. ती चेष्टा करत असेल असं त्याला आधी वाटलं. मग तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं तसा तो उठला, माळ्यावर चढला आणि पेटी खाली काढली. तिनं फडकं आणून दिलं. त्यानं तुकडे जोडले, पत्ती ओली केली. पत्ती वाळून कडक झाली होती, तिला भिजायला बराच वेळ लागला. मग त्यानं कवळी बसवली, नळी तोंडाला लावली आणि फुंकलं.

कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. कवळी सरकली. त्यानं ती नीट बसवून परत फुंकलं. परत तेच. मग कवळी काढून नुसत्या हिरड्यांनी धरून बघितलं, तर फक्त वारा फुसफुसला आणि हनुवटीवर लाळ आली. ती त्यानं बाहीनं पुसली.

"ऱ्हाऊदे," तो म्हणाला. "आता व्हायचं न्हाय."

"का? सवय मोडली म्हणून? येईल की पुन्यांदा."

"सवयीचं न्हाय ते." त्यानं नळीच्या तोंडावर वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं दोन बारीक खाचा पडल्या होत्या. "हितं दात टेकाय लागत्यात. वरचं, पुढचं दोन. त्यांच्यावरच सगळा भार असतोय. त्ये नसलं की सूर धरत न्हाय."

मीनाबाईला दवाखान्यातली खुर्ची आठवली.

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. दोन ऱ्हाऊंद्यात म्हणलो."

"का ऱ्हाऊंद्यात ते कुठं सांगितलासा?"

"तू इचारलीस, दोन दातांनी काय खायचंय," गणपती म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती हकीकत सांगितल्यासारखं तो सांगत होता. "खायचं तर काय नव्हतंच."

ती त्या दिवशी रडली, तशी आई गेल्यावरही रडली नव्हती.

पण त्यानंतरची दोन वर्षं, सांगायचं तर, त्यांच्या संसारातली सगळ्यात चांगली होती. ऊन कललं, सुटी असली, की गणपती नळी हातात घ्यायचा. तोंडाला लावायचा नाही. नुसती बोटं चालवायचा. मीनाबाई समोर बसून क्लासमध्ये ऐकलेलं गुणगुणायची. ती चुकली की त्याची बोटं थांबायची. तो गाऊन दाखवू शकत नव्हता. "माझा गळा म्हंजे फुटका डबा," तो म्हणायचा, "म्हणून तर ह्ये धरलं." मास्तरांची चीज त्यानं तिला शिकवायचा प्रयत्न केला. बोटांनी दाखवायचा, फुटक्या गळ्यानं ओरडायचा, मग दोघं हसत सुटायची. सुरुवातीचा तुकडा तिला नीट आला, कारण तो कानात मुरला होता. पुढचं काही केल्या जमेना.

एकदा असंच बसले असताना ती म्हणाली, "त्या लग्नात मी न्हाय म्हणलो तवा. तुमी दुसऱ्या पार्टीत हाय म्हणलो."

"ऐकलंतं मी."

"मग?"

गणपती बराच वेळ नळीवरचं पितळ पुसत राहिला. "तुझ्या जागी मी असतो, तर मी बी काय म्हणलो असतो काय म्हाईत," तो म्हणाला. पुढं त्यानं तो विषय काढू दिला नाही.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, गोडाऊनच्या गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या गणपती गेला. हृदयाचा झटका. शाळेत निरोप आला तेव्हा मीनाबाईच्या हातात घंटेचा हातोडा होता.

घरी माणसं जमली. संघर्ष तोवर कसबा बावड्याच्या एका हायस्कुलात शिक्षक झाला होता. तो आला, बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडला आणि मग मुलानं करायचं ते सगळं करायला लागला. बुद्धवंदनेची तयारी झाली, पांढरी फुलं आली. तेवढ्यात दारात एक टेम्पो थांबला. जुन्या पार्टीतली सात-आठ माणसं उतरली, साध्या कपड्यांत. त्यांच्यातला म्होरक्या होता बाळासो, तीस वर्षं गणपतीच्या शेजारी चालून ढोल वाजवलेला. टेम्पोत वाद्यं होती.

बाळासो आत आला, हात जोडून संघर्षला म्हणाला, "बाळ, वेशीपतोर वाजिवतो आमी. पैशाचं न्हाय काय. आमचा माणूस हुता."

संघर्षचे डोळे लाल होते. "काका, माफ करा," तो म्हणाला. "आबांनी ते सोडलं होतं. आपल्यात आता वंदना होणार. बँड नको."

तो वाईट बोलला नाही. त्याला पीं पीं आठवत असणार, नाहीतर बसलेल्या पाहुण्यांचा विचार असणार. बाळासोनं मीनाबाईकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वाजवा, एवढं एकच तिला म्हणायचं होतं. ओठ हलले. पण समोर समाजाची चार मोठी माणसं बसली होती, सून डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि तिच्या घशातून आवाजच निघाला नाही. बाळासोनं थोडा वेळ वाट बघितली. मग तो वळला. टेम्पो गेल्याचं तिनं ऐकलं.

लग्नात निदान तोंडानं न्हाय म्हणलोतो, तिच्या मनात आलं. आज तेवढंही नाही.

महिन्याभरानं ती बाळासोच्या घरी गेली. माफी मागायला गेली होती, पण त्यानं ती बोलूच दिली नाही. "वैनी, चालतंय की वो. दुकात माणसाला सुदरत न्हाय." मग तिनं विचारलं, गणपती ऊन कलल्यावर वाजवायचा ती चीज पार्टीत कुणाला येते का.

बाळासोनं मान हलवली. "त्ये त्याचं एकट्याचं. मिरजंच्या मास्तरांनी त्याला दिलतं, दुसऱ्या कुणाला न्हाय. मास्तर गेलं, त्याला बी लई वर्सं झाली. आमाला म्हणायचा, ह्ये वरातीत वाजवायचं न्हाय. आमी बी कधी इचारलं न्हाय. नाचायला येत नव्हतं त्येच्यावर."

मग ती अनुजा मॅडमकडं गेली. पोरी गेल्यावर खोलीत बसली आणि आपल्याजवळ होता तो तुकडा म्हणून दाखवला. मॅडमनी तो दोनदा म्हणवून घेतला, वहीत लिहिला. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "अशी बंदिश मी कुठं ऐकलेली नाही. पुढं?"

"पुढचं न्हाय."

मॅडमनी डोळे मिटले आणि तिथून पुढं गाऊन बघितलं. "असं असेल?"

"न्हाय."

"असं?"

"हे बी चांगलं हाय. पर ते न्हवं."

मॅडमनी चार-पाच तऱ्हा करून बघितल्या. दर वेळी मीनाबाई मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "कशी सांगणार बाई? इतकं वाजलं की मी बास करा म्हणत हुतो. नंतर दार लावत हुतो. त्याच्या पुढं मी कधी ऐकलंच न्हाय."

अनुजा मॅडमनी वही मिटली. तंबोरा मात्र त्यांनी बराच वेळ छेडत ठेवला, आणि मीनाबाई तिथंच बसून राहिली.

नोकरी सुटल्यावर संघर्षनं आईला बावड्याला आपल्या घरी आणलं. एका रविवारी चारच्या सुमाराला ती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता गुणगुणत होती. संघर्ष आत पेपर तपासत होता. तिचं थांबलं, आणि आतून त्याचा आवाज आला. नुसता घोगरा, धड सूर नसलेला. तिनं सोडलं तिथून तो पुढं म्हणत होता. दोन ओळी, त्याही वाकड्यातिकड्या.

मीनाबाईच्या मांडीवरचं सूप कललं. तांदूळ सांडले.

संघर्ष दारात आला. लाल पेन तसंच हातात होतं. "असंच काहीतरी होतं ना?" तो चाचरत म्हणाला.

"तुला कसं येतंय?"

"मी जायचो की रुळापलीकडं. शाळा सुटली की. उसात लपून बसायचो." तो खाली बघत होता. "आबांना माहीत होतं बहुतेक. कधी दाखवलं नाही. मीपण कुणाला सांगितलं नाही."

"मग पुढचं म्हण."

"पुढचं नाही येत, आई."

"का? रोज जात हुतास न्हवं?"

"दिवस मावळायच्या आत घरी यायला लागायचं," संघर्ष म्हणाला. "नाहीतर तू मारायचीस."

मीनाबाईनं सांडलेले तांदूळ हातानं गोळा करायला घेतले, आणि अर्ध्यातच हात थांबले. "व्हय," ती म्हणाली. "मारत हुतो."

तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. खाली रस्त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या.

"परत म्हण," ती म्हणाली. "जेवढं येतंय तेवढं."

संघर्षनं परत म्हटलं. पहिल्यापेक्षाही वाईट म्हटलं. मध्येच त्याचा आवाज फाटला, तो थांबला, घसा खाकरून पुन्हा सुरू झाला. मीनाबाई डोळे मिटून ऐकत होती.